गुडघा आणि गोळी

२३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूर अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज थांबेनात. कल्याणच्या काकांनी लिहिलं, "असल्याला कोर्टाची पायरी कशाला दाखवायची?" चिमुरड्या मुलींवरचा अत्याचार, काकांचा संताप मला समजतो, मलाही लेक आहे. पण मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला राहते, आणि मला इथला खटला आठवत राहिला.

२५ मे २०२०. पोलिसांचं पहिलं निवेदन होतं की अटकेच्या वेळी एका माणसाची प्रकृती बिघडली आणि तो दवाखान्यात दगावला. डेरेक शॉव्हिन या पोलिसाचा गुडघा त्या माणसाच्या, जॉर्ज फ्लॉइडच्या, मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद होता, हे त्यात नव्हतंच. ते जगाला कळलं रस्त्यावरच्या १७ वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं म्हणून. पुढच्या वर्षी खटला टीव्हीवर थेट चालला. शहराचे पोलीस प्रमुख मेडारिया अराडोंडो साक्षीला आले आणि हे आमच्या प्रशिक्षणात बसत नाही, असं आपल्याच खात्यात तेव्हा असलेल्या माणसाविरुद्ध शपथेवर सांगून गेले. ते ऐकताना माझे डोळे भरून आले. शॉव्हिनला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

इथे सगळं असंच होतं असं मुळीच नाही. याच राज्यात फिलांडो कॅस्टिल या गाडीचालकाला गोळ्या घालणारा पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला. गोळ्या झाडल्या तेव्हा गाडीत मागे चार वर्षांची मुलगी बसलेली होती.

आणि आपल्याकडे? मुंबई पोलिसांनी लखनभैया या कथित गुंडाला मारलं, ती बनावट चकमक २००६ ची. त्याचा वकील भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात झगडला. २०१३ मध्ये १३ पोलिसांना शिक्षा झाली, चकमकींसाठी गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा मात्र सुटले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली ती मार्च २०२४ मध्ये. त्यानंतर सहाच महिन्यांनी बदलापूरचा आरोपी मेला आणि मुंबईत 'बदला पुरा'ची पोस्टर लागली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं, तेव्हा ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही.

मी काकांना फोन केला. म्हटलं, काका, आरोपी मेला की त्याच्यावरचा खटलाही संपतो. त्या मुलींचं म्हणणं खरं होतं, एवढं एक वाक्य न्यायाधीशांच्या तोंडून त्यांच्या आईबापांना आता कधीच ऐकायला मिळणार नाही.

काका बराच वेळ गप्प होते.