पाण्याच्या पाईपचा रोल केज करायला सांगणारा तो मेसेज

"20 हजारात ऑफरोड कॉम्पिटिशनची गाडी, गॅरेजवाले सांगत नाहीत अशा 6 गोष्टी." गेले पंधरा दिवस हा मेसेज फिरतोय. मला चार ग्रुपवर आला, चारही वेळा मी सोडून दिला. पण परवा रात्री वारज्याहून भाच्याचा फोन, "मामा, उद्या भवानी पेठेत पाईप आणायला जातोय, दीड इंची जीआय, येतोस का?" त्याने मार्चमध्ये सेकंडहँड थार घेतलीये, या पावसाळ्यात स्पर्धेत उतरायचंय, आणि त्याची सगळी तयारी या मेसेजवरून चाललेली. मग मात्र डोकं फिरलं. अकरा वर्षं जिप्सी घेऊन मुळशीच्या चिखलात जातोय, गाडी बहुतेक वेळा स्वतःच उघडतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मेसेजात काय आहे ते थोडक्यात सांगतो. जीआय पाईपचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पाण्याच्या पाईपचा, रोल केज (गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवायचा लोखंडी सांगाडा) करा आणि केज असला की सीटबेल्ट लावू नका. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका. स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) लावलं की पाणी कितीही खोल असू दे. टायरमध्ये 8 पीएसआय हवा ठेवा. गाडी अडकली तर मागच्या टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) पट्टा अडकवून झटका द्या. आणि शेवटचं म्हणजे आरटीओचं टेन्शन घेऊ नका.

आधी केज, कारण यात माणूस मरतो.

मेसेज म्हणतो दीड इंची जीआय पाईप "रॅलीच्या पाईपपेक्षा जाड" असतो. कागदावर हे खरंय, नाही म्हणत नाही. दीड इंची पाईप बाहेरून 48 मिमीच्या आसपास भरतो आणि मीडियम ग्रेडला भिंत 3.2 मिमी. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमांत, अपेंडिक्स जे मध्ये, कलम 253 आहे, रेस-रॅलीच्या गाड्यांच्या सेफ्टीचं, त्यात मेन रोलबारला (ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान) 45 बाय 2.5 मिमी किंवा 50 बाय 2 मिमी पुरतो. पण मेसेज लिहिणाऱ्याने एवढा एकच आकडा उचललाय, त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचलेलंच नाही. तिथे पाईप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, कार्बन स्टीलचा हवा असं आहे, टेन्साइल स्ट्रेंग्थ (ताण सोसायची ताकद) किमान 350 मेगापास्कल, बेंडची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या किमान तिप्पट, वेल्ड पाईपच्या पूर्ण घेरात. जीआय पाईप पट्टी गोल करून शिवण मारलेला असतो, तो पाणी गळू नये म्हणून बनवलाय, वाकताना तुटू नये म्हणून नाही. वर जस्ताचा थर, वेल्ड करताना तो जळून पांढरा धूर होतो, वेल्डमध्ये भोकं राहतात आणि धूर छातीत गेलेल्या वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो. शिवाय जाड पाईप म्हणजे जास्त वजन, आणि तेही सगळं छताजवळ, म्हणजे पलटी व्हायची शक्यता आपणच वाढवून ठेवायची.

दुसरं, केज उभा कशावर आहे? मेसेजातल्या फोटोत तो फ्लोअरच्या पत्र्यावर दोन बोल्टांनी बसवलाय. त्याच कलमात प्रत्येक मुख्य पायाखाली किमान 3 मिमी जाडीची, 120 चौरस सेंटीमीटरची प्लेट आणि किमान तीन एम8 बोल्ट, 8.8 ग्रेडचे, सांगितलेत. प्लेट नसेल तर गाडी उलटल्यावर पाईप पत्रा फाडून खाली जातो आणि छत डोक्यावर येतं.

चार वर्षांपूर्वी मुळशीकडे एका खाजगी जागेत असाच एक केज डोळ्यासमोर आडवा होताना पाहिलाय, गाडी चालत्या माणसाच्या वेगात होती, जास्त नाही, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेंड शिवणीवर उघडला. त्याचा बेल्ट घट्ट होता आणि डोक्यात हेल्मेट होतं म्हणून तो आमच्याबरोबर चहा प्यायला बसला. तो उघडलेला बेंड मी अजून विसरलेलो नाही.

आणि आता ते बेल्टचं. "बेल्ट नसला की पलटी होताना उडी मारता येते." हे ज्याने लिहिलं त्याने आडव्या उतारावर गाडी कधी घातलेली नाही हे मी लिहून देतो. गाडी एकदा तोलाबाहेर गेली की एक-दोन सेकंदात आडवी होते. त्या वेळात हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. आणि माणूस फेकला जातो उताराच्याच बाजूला, म्हणजे गाडी जिथे पडणार आहे नेमकं तिथे! वर दीड-दोन टनाची स्वतःचीच गाडी. बेल्ट नसलेला माणूस उडी मारून बाहेर पडत नाही रे, तो अर्धा खिडकीत अडकतो. बेल्ट असूनही लोक गाडी सावरायला म्हणून हात बाहेर काढतात आणि बोटं केज आणि जमिनीच्या मध्ये सापडतात, म्हणूनच स्पर्धेच्या गाड्यांना खिडकीला जाळी असते. केज बसवला की बेल्ट जास्त गरजेचा होतो, कारण डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडाची नळी आलेली असते. चार किंवा सहा पॉइंटचा हार्नेस, हेल्मेट, आणि डोकं लागेल तिथे पाईपवर पॅडिंग. हे नसेल तर केजशिवायची गाडी घेऊन सोप्या ट्रॅकवर जा, तेच बरं.

टो बॉलचा मुद्दा याच रांगेतला. काइनेटिक पट्टा नायलॉनचा असतो, तो ताणला जातो आणि ताणलेली ताकद एकदम सोडतो, गाडी चिखलातून निघते ती त्यामुळेच. टो बॉल ट्रेलर शांतपणे ओढायला बनवलेला असतो, झटक्याला नाही. तो मानेतून तुटला की गोफणीतल्या दगडासारखा काचेतून आत येतो, ऑस्ट्रेलियात यात माणसं गेलीत. पट्टा चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावायचा, रेटेड डी-शॅकलने (किती भार पेलते ते ठरवून दिलेली डी आकाराची कडी). काहीच नसेल तर बॉलचा मागचा सगळा दांडा काढा, पट्ट्याचा लूप रिसीव्हरमध्ये (तो दांडा बसतो ती नळी) घाला आणि आरपार पिन टाका. मधोमध ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. लहान पोरं हमखास जवळ येऊन व्हिडिओ काढतात, त्यांना आधी हाकला.

थर्मोस्टॅट. जंगलात थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आणि घरी पोचायचंय, तर काढून हळूहळू या, मीही आलोय. पण कायमचा काढायचा? इंजिन नीट तापतच नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ऑइल पातळ होतं, काळा गाळ धरतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते, ती काढली की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात, म्हणजे ज्यासाठी काढला तेच उलटं होतं. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने टांगा, पाणी तापवा, थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, बहुतेकांचा 82 ते 88 अंश, उघडायला लागला तर दोष दुसरीकडे शोधा. चिखलातून आलेल्या गाडीत दहापैकी आठ वेळा मला रेडिएटरच्या जाळीत वाळलेली माती सापडलीये. ती इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी प्रेशरने धुवायची, प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स झोपतात. मग फॅन क्लच, मग रेडिएटर कॅपचं रबर. आणि उंड्री-वाघोलीकडे टँकरचं जड पाणी मिळतं ते रेडिएटरमध्ये ओतू नका, क्षार बसून नळ्या बंद होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस.

स्नॉर्केलने फक्त हवा ओढायची जागा वर जाते. अल्टरनेटर, वायरिंग, डिफ (ॲक्सलमधला गिअरचा डबा), गिअरबॉक्स सगळं होतं तिथेच राहतं. 2020 नंतरच्या थारला कंपनी 650 मिमी पाण्यातून जायची मर्यादा देते, स्नॉर्केल लावून तो आकडा आपोआप वाढत नाही. खरी गोची डिफच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडाची, आहे. तापलेला ॲक्सल थंड नदीत गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला नळी जोडून बॉनेटपर्यंत वर न्या, हे स्नॉर्केलच्या कितीतरी कमी पैशात होतं. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

टायरची हवा कमी करायची हे बरोबर आहे, तेवढं एक त्याने खरं लिहिलंय. पण 8 पीएसआय बीडलॉक (टायरची कड रिमला घट्ट धरणारी रिंग) नसलेल्या रिमवर? पहिल्याच वळणावर टायर रिमवरून उतरेल. चिखलात 18 च्या आसपास सुरू करा, आणि डांबरी रस्ता लागायच्या आत परत भरा, कंप्रेसर गाडीत ठेवा.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांवरचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. पूर्ण बदललेली गाडी स्पर्धेला ट्रेलरवरून न्या.

भाच्याने पाईपचा बेत रद्द केलाय. रविवारी गाडी घेऊन येतोय, आधी डिफचा प्लग काढून ऑइल बघणार, दुधाळ निघालं तर आधीच्या मालकाने पाण्यात घातलेली आहे. ज्यांनी असा केज आधीच बसवलाय त्यांनी उरलेल्या पाईपच्या तुकड्यात, कापलेल्या टोकातून बोट फिरवून बघा. आत उभी रेघ हाताला लागली तर तो शिवणीचा पाईप आहे, तो केज या पावसाळ्याआधी उतरवा.