सोनारानं टोचलेले कान

तर तुम्हाला नवे स्पीकर घ्यायचे आहेत. उत्तम. दुकानात जाऊन ऐकून बघावं असं काही मनात आलं असेल, तर आधी ते काढून टाका. कान आपले, पैसे आपले, म्हणून निवडही आपलीच, हा भाबडेपणा झाला. कान सोनारानंच टोचावेत हे आपल्याकडे पूर्वापार ठरलेलं आहे. हल्लीचा सोनार यूट्यूबवर बसतो आणि कुड्या कुठून घ्यायच्या त्याची लिंकही खाली देतो. त्या लिंकवरून घेतल्यात तर त्याला दोन पैसे सुटतात. सुटू देत. बिचारा सुई काय फुकट आणतो? म्हणजे, फुकटच आणतो, कंपनी पाठवते. पण मन लावून टोचतो.

व्हिडिओत तो स्पीकर वाजवूनही दाखवतो. हा भाग चुकवू नका. साडेतीन लाखांच्या जोडीचा आवाज त्याच्या खोलीतल्या मायक्रोफोननं टिपायचा, यूट्यूबनं तो आवळून लहान करायचा आणि तुम्ही तो बसमध्ये, चारशे रुपयांच्या इअरफोनवर ऐकायचा. ऐकून मान डोलवायची आणि खाली लिहायचं, ‘काय डिटेल आहे!’

मग परिभाषा शिकून घ्या. आवाज चांगला किंवा वाईट नसतो. तो ऊबदार असतो, हवेशीर असतो, त्याला रुंद रंगमंच असतो. आणि प्रत्येक नव्या यंत्रानिशी गाण्यावरचा एक पडदा दूर होतो. वर्षानुवर्षं पडदे दूर होतायत. एव्हाना गायिका आपल्या सोफ्यावर येऊन चहा मागायला हवी होती. तुम्ही ऐकता ती जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, तिथे डावं-उजवं मुळात नाहीच, मग रंगमंच रुंद कसा होणार, असलं काही विचारू नका. परीक्षकानं तंबोरा आणि डग्गा ऐकलेला असेलच असं नाही. तो जॅझवर परीक्षा घेतो. तुम्हीही जॅझ आवडून घ्या.

दोष? दोषही सांगतात, निष्पक्षपाती असतात ते. रिमोटचं प्लास्टिक जरा हलकं असतं, वायर थोडी आखूड पडते. याहून वाईट काही बोलणाऱ्याकडे पुढचा खोका येत नाही.

आता महत्त्वाचं. घरी आणल्यावर आवाज आवडला नाही, तर घाबरू नका. यंत्र अजून ‘मुरलेलं’ नसतं. निदान २०० तास वाजवा, असं जाणकार सांगतात. अखंड वाजवलंत तर हे ८ दिवस ८ तास होतात आणि परतीची मुदत ७ दिवसांची असली तर हिशेब कसा चोख बसतो बघा. रोज दोन तासच ऐकत असाल तर शंभर दिवस. तेवढ्यात काहीतरी मुरतंच. बहुधा तुमचे कान. स्पीकरचा पडदा वापरानं किंचित सैल होतो हे खरं आहे, पण तांब्याची वायरही मुरते असं सांगणाऱ्याला लोणच्याच्या बरणीचाही अनुभव असावा.

काही रसहीन मंडळी डोळे बांधून ऐकण्याच्या चाचण्या घेतात. त्यांच्यापासून दूर राहा. अमेरिकेत २००७ साली अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली. एकीकडे उच्च प्रतीचं डिजिटल ध्वनिमुद्रण, दुसरीकडे तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेलं. ओळखा बरं कुठलं कोणतं. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं तर २७७ची अपेक्षा होती. तात्पर्य एवढंच, की डोळे उघडे हवेत. किंमत दिसल्याशिवाय ऐकायचं कसं?

त्याहून वाईट घडलं २०२२ साली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्या शुद्ध ॲनालॉग म्हणून नावाजल्या जात. डिजिटलचा स्पर्श झाला की संगीतातला प्राण जातो आणि तो आपल्याला ऐकू येतो, असं सांगणारे सोन्याच्या कानांचे लोक त्या जपून ठेवत. मग उघड झालं की त्यांतल्या बऱ्याच तबकड्या घडताना मधली एक पायरी डिजिटलच होती, आणि तीही वर्षानुवर्षं. प्राण गेल्याचं तोवर कोणाला कळलं नव्हतं. अर्थात कंपनीनं फसवलं, कानांनी नाही. कानांवर शंका घेऊ नये.

ग्राहकांचे अभिप्राय मात्र जरूर वाचा. ‘पॅकिंग मस्त. डिलिव्हरी वेळेत. अजून लावून बघितला नाही. पाच तारे.’ भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानकसुद्धा काढलं. ऐच्छिक म्हणून काढलं, त्यामुळे कोणाची अडचण झाली नाही.

राहता राहिली तुमची खोली. परीक्षकाच्या भिंतींना फोम असतो, जमिनीवर गालिचा, आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे. तुमच्याकडे ते शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी कोपऱ्यात जाणार. कोपऱ्यात खर्ज फुगतो, मग डग्गा पिंपासारखा वाजतो. वर पंखा पाचवर, खाली सोसायटीचा पंप, आत कुकर. हे कुठल्याच परीक्षणात नसतं. तेव्हा खोली बदला.

माझ्या मामांनी मात्र माझा सल्ला मानला नाही. मी त्यांना अकरा व्हिडिओ पाठवले होते. ते एका दुपारी आपल्या अभंगांचा पेन ड्राइव्ह खिशात टाकून पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले, दुकानदाराला एकाच आवाजावर तीन स्पीकर आलटून पालटून वाजवायला लावले आणि मधल्या किमतीचा उचलून घेऊन आले. मी कळवळून विचारलं, “मामा, कशावरून ठरवलंत?”

“अरे, टाळ आणि चिपळ्या वेगवेगळ्या ऐकू आल्या ना.”

असल्या माणसाला काय पाठवणार? बारावा व्हिडिओ तसाच राहिला.