डोंगराचं भाडं कोणी भरायचं?

नॉर्वेत ओस्लोहून बर्गनला परतताना रेल्वेगाडी डोंगरातल्या फिन्से स्टेशनला थांबली की मी उगाचच खाली उतरतो. समुद्रसपाटीपासून 1222 मीटर उंची, आणि गावाला मोटारीचा रस्ताच नाही. गेल्या हिवाळ्यात उतरलो तेव्हा भुरभुरत्या बर्फाने डोळे उघडेनात. एक आजी खांद्यावर स्की टाकून उतरल्या, मागोमाग त्यांचा कुत्रा. आणखी दोन-तीन माणसं. एवढ्यांसाठी थांबलेली लांब पल्ल्याची गाडी निघायच्या बेतात, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. घरच्या ग्रुपवर दादा : "विलीनीकरण झालं की कोकण रेल्वे नावापुरतीसुद्धा उरायची नाही. तिकडं बसून तुला काय कळणार!"

वाद जुनाच. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने 2025 च्या मे महिन्यात संमती दिली. गोवा, कर्नाटक, केरळ आधीच राजी होते. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवा, अशी अट महाराष्ट्राने घातली आहे. तरी आमच्या ग्रुपवर भांडण नावावरूनच.

मला खटकतं ते तिकीट. रोहा ते ठोकूर 741 किलोमीटरचा हा मार्ग केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतून, रोखे काढून बांधला. ते पैसे फेडायचे म्हणून भाडं आकारताना अंतर 40 टक्के वाढवून धरायची पद्धत पडली. म्हणजे 100 किलोमीटर जा आणि 140 चे पैसे मोजा. सह्याद्री आडवा आला याचा दंड चाकरमान्याने भरायचा. एवढं करून दुहेरीकरण झालं ते रोहा ते वीर, साधारण 47 किलोमीटर. 2024 च्या जुलैत दिवाणखवटीला बोगद्याजवळ दरड आली आणि सगळी वाहतूक ठप्प झाली. दरवर्षी डोंगर बांधून काढायला लागणारा पैसा कर्जातल्या महामंडळाने आणायचा कुठून? म्हणून मी विलीनीकरणाच्या बाजूचा. फक्त ते वाढीव अंतर रद्द होणार, हे आधी कागदावर यायला हवं.

बर्गनच्या मार्गाचा डोंगराळ टप्पा बांधायचा निर्णय इथल्या संसदेने 1894 मध्ये घेतला आणि 1909 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. मजुरांना सामान पोचवायला काढलेल्या कच्च्या वाटेवर आता उन्हाळ्यात लोक सायकली हाणतात. वाऱ्याने बर्फ रुळांवर लोटू नये म्हणून जागोजागी लाकडी छपरं घातली आहेत. त्यांच्या फटींतून उजेड डोळ्यांवर असा लपलपतो की पुस्तक मिटून ठेवावं लागतं. ही छपरं, बर्फ उडवणारी यंत्रं, रुळांची देखभाल, यांचा मुख्य भार सरकारी तिजोरीवर. फिन्सेच्या आजींच्या तिकिटावर नाही. टोलचं मात्र या लोकांना वावडं नाही हं. बर्गन शहरात मोटार घेऊन शिरलं की 1986 पासून पैसे पडतात.

इथलं सगळंच गोड आहे असं दादाला सांगितलं तर ते खोटं ठरेल. ओस्लो-बर्गन सुमारे 500 किलोमीटर, वेळ साडेसहा-सात तास, आणि बहुतेक ठिकाणी एकेरी रूळ. तासाभराची बचत करणारा, रिंगेरिके भागातून जाणारा जवळचा मार्ग संसदेने 1992 मध्ये तत्त्वतः मंजूर केला. गाडी अजून जुन्याच वळशाने जाते. विलीनीकरणाच्या तर नेमकं उलट इथं घडलं. एकाच सरकारी रेल्वेचे तुकडे पाडले, रूळ एकाकडे, गाड्या दुसऱ्याकडे. उशीर झाला की नक्की कोणावर चिडायचं हे प्रवाशालाच शोधावं लागतं. त्यामुळे 'एकत्र आलं की सगळं सुधारतं' आणि 'वेगळं असलं की चांगलं चालतं' या दोन्ही आरोळ्या मला सारख्याच पोकळ वाटतात.

शिट्टी झाली, मी आत चढलो. दादाला लिहिलं : "नाव राहू दे. पण तिकिटावरचे किलोमीटर मोजून घ्या." त्याचा अंगठा आला. पाठोपाठ काकांचा सवाल : "चार माणसांसाठी तिकडं गाडी थांबते, मग आपल्या स्टेशनात का थांबत नाही रे?"

उत्तर टाइप करायला घेतलं आणि फिन्सेचा दहा किलोमीटरचा बोगदा लागला. रेंज गेली.