धोका थोडा कमी लावा

नागपुरात सिनियर सायबर सिक्युरिटी इंजिनियर म्हणून क्लायंटकडे जायचंच असेल, तर पहिल्या दिवशी सिस्टीममधली भोकं शोधणारा स्कॅनर काढू नका. तर्री पोहे येतील, ते आधी खा. सर्व्हरचा पासवर्ड शोधावा लागत नाही. तो रिसेप्शनच्या मॉनिटरवर चिकटवलेला असतो आणि सगळ्या स्टाफला, शिवाय पाण्याचे कॅन आणणाऱ्या पोराला पाठ असतो.

‘आपल्या इथं कोन येते हॅक कराले, भाऊ?’ असं मालक म्हणतील. वाद घालू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसचं उदाहरण तर मुळीच देऊ नका. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) दिला, हल्ला मे महिन्यात झाला, हे सगळं ऐकून ते एवढंच विचारतात, पॅच टाकला तर टॅली चालेल न? (बिलिंगचा कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर आहे. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, पण ‘चालते न तो!’)

खरी कसोटी रिपोर्टाची, कारण त्यात प्रत्येक भोकाचा धोका किती ते लिहायचं असतं. सीताबर्डीच्या फुटपाथवर कुर्त्याचा भाव पाडतात, तसा इथे धोका पाडला जातो. म्हणून सुरुवात नेहमी ‘क्रिटिकल’पासून करा, म्हणजे ‘मीडियम’वर तरी सौदा पटेल. लॉगफोरशेल नावाच्या भोकाला २०२१ मध्ये धोक्याचे दहापैकी दहा मिळाले होते; आयटी मॅनेजर त्याचे साडेसहा करून मागतील, कारण ‘तो सर्व्हर कुलपात ठेवला आहे’. तुम्ही जरा घासाघीस करा, मग सही करा. चेहरा पडलेला दिसू देऊ नका, चहा येतोय.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. भरपूर झाले. दोन तास फायरवॉलचं लॉगिन शोधण्यात जातील (ते ज्याच्याकडे होतं तो नोकरी लागून पुण्याला गेला), एक जेवणात, उरलेले ‘कळवायलाच पाहिजे का?’ या बैठकीत. १८० दिवसांचे लॉगही (सिस्टीमवर काय काय झालं त्याच्या नोंदी) ठेवायचे असतात. डिस्क भरत होती म्हणून दिवाळीत लॉगिंगच बंद केलं, हे तुम्हाला तेव्हा कळेल. मग सगळे तुमच्याकडे बघतील. ‘मीडियम’ कोणी लिहिलं होतं? खाली सही कोणाची?

एवढं होऊनही कंत्राट जाईल अशी भीती बाळगू नका. पुढच्या वर्षी फोन येतोच: ‘भाऊ, मागचाच रिपोर्ट तारीख बदलवून देऊन टाका न. रेट मात्र कमी लावजा.’