जरा सरकता का?

रक्तदाबाची गोळी लिहून दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "आणि जरा शांत ठिकाणी जाऊन बसत जा." गोळी रोज एक. शांतता किती, जेवणाआधी की नंतर, काही सांगितलं नाही.

म्हणून मी समुद्रावरच्या एका कड्यावर जायला लागलो. वर पाटासारखा एक सपाट खडक आहे. त्या पाटावर माझाच हक्क, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

सुरुवात डिसेंबरात केली, तिथेच चुकलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकून मावळतो, म्हणजे नेमका माझ्या खडकासमोर. त्यामुळे पाटावर पंगत! "काका, थोडे बाजूला, फ्रेममध्ये येताय." बाजूला दरी होती. सूर्य पाण्याला टेकला तसा मी शेजारच्या पोराला म्हणालो, "हा खरं तर केव्हाच क्षितिजाखाली गेलाय. हवेत प्रकाश वाकतो, म्हणून आपल्याला दिसतो." तो म्हणाला, "मग तुम्ही अजून का थांबलाय?"

भरतीच्या वेळी लाटांच्या आवाजात माणसं ऐकू येत नाहीत, असा शोध लागल्यावर मी भरती गाठू लागलो. तर ती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. चंद्रामुळे होतं म्हणे. आठवड्याभरात माझी शांततेची वेळ रात्रीच्या जेवणावर आली आणि घरातली शांतता धोक्यात आली.

मे महिन्यात सूर्य उत्तरेला, डोंगराच्या आड गेला आणि पंगतही त्याच्यामागे उठून गेली. पाट माझा! बसलो आणि तसाच उठलो. दिवसभर तापलेला तो दगड पाट नव्हता, तवा होता. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात. शाळेत या उत्तराला मला दोन गुण मिळाले होते. इथे त्याच वाऱ्याने टोपी नेली.

पावसाळ्यात मात्र कोणी फिरकेना. छत्री पहिल्याच झोताला उलटली, तिला मी फुलासारखी हातात धरून बसलो. एरवी दूरवर क्षितिज दिसायचं, आता कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. अमावास्येचं उधाण होतं. खाली लाट आपटली की खडकाला बारीक कंप यायचा, तो पायांपासून पाठीपर्यंत कळायचा. चष्म्यावर मिठाचा थर. पुसणं सोडून दिलं. किती वेळ गेला, कळलं नाही.

तेवढ्यात रेनकोट घातलेले एक गृहस्थ धापा टाकत वर आले.

"जरा सरकता का? डॉक्टरांनी शांत बसायला सांगितलंय."

सरकलो. ते खरोखरच बसले, डोळे मिटून, गप्प. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "तुमची गोळी कितीची आहे?"