सुतारकामाच्या वर्गात आवाज चढवायचा नाही

हायस्कूलच्या मुलांना सुतारकाम शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात एका बैठकीत विषय निघाला की हा वर्ग आता बंदच करावा. कारणं नेहमीचीच: पालक घाबरतात, यंत्रं जुनी झाली, जागा कॉम्प्युटरला हवी, आणि उद्या कुणाचं बोट गेलं तर जबाबदार कोण? तिथे मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझी शिस्त नावाजलेली होती. मी दारात दिसलो की मुलं गप्प व्हायची. तेव्हा नववीतला एक मुलगा पटाशीने खाच पाडत होता. लाकूड वाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, आवळायचा त्याने कंटाळा केला आणि डाव्या हाताने दाबून धरलं. पटाशी सटकली ती थेट अंगठ्याच्या मुळाशी. तो ओरडला नाही. हाताला रुमाल गुंडाळला, हात खिशात घातला आणि काम चालू असल्यासारखा उभा राहिला. बाकावरच्या पांढऱ्या लाकडावर लाल डाग दिसला तेव्हा मला कळलं. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "सर, तुम्ही रागावाल म्हणून."

चार टाके पडले. अंगठा वाचला. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. ज्या शिस्तीचा मला अभिमान होता, तिच्यामुळे एक पोरगं रक्त लपवत उभं होतं.

तेव्हापासून मी या कामाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. भिंतीवर पंचवीस नियमांचा तक्ता लावून मुलं सुरक्षित होत नाहीत. "सर, माझं चुकलं", "सर, मला हे यंत्र वापरायची भीती वाटते" असं मूल न घाबरता म्हणू शकतं का, यावर सगळं ठरतं. आणि ओरडण्याचं म्हणाल तर वर्कशॉपमध्ये ते स्वतःच एक धोका आहे. करवतीवर वाकलेल्या मुलाला मागून हाक मारली की ते दचकून मान वळवतं. हात मात्र पुढेच जात असतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक यंत्राभोवती पिवळी रेघ आहे. रेघेच्या आत एकच माणूस, आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. काही सांगायचं असेल तर समोर जाऊन, त्याच्या नजरेत येऊन, यंत्र थांबेपर्यंत वाट बघायची.

लोकांना वाटतं, एवढं कशाला? जरा हिशेब करून बघा. टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल विजेच्या करवतीचं, दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. त्यात पात्याला बोट लागणं हा एकच धोका नव्हे. फळी पातं आणि मार्गदर्शक पट्टी यांच्यात जरा तिरकी झाली, की पात्याचे मागचे दात तिला उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. यासाठी पात्यामागे पातळ पोलादी पट्टी असते, ती काढायची नाही. फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. शेवटचा भाग पुढे सरकवायला ढकलकाठी घ्यायची. आणि हातमोजे घालायचे नाहीत! पालकांना हे हमखास उलटं वाटतं. पण फिरत्या यंत्रात मोज्याचा एक धागा अडकला तरी तो अख्खा हात आत ओढतो. सैल बाह्या, ओढण्या, मोकळे केस, गळ्यातल्या साखळ्या, सगळ्यांचं तेच.

स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ मध्ये एक सोय शोधली. पात्यात बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचा लागली की तो बदलतो, अ‍ॅल्युमिनियमचा ब्रेक पात्यात घुसतो आणि पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबून टेबलाखाली जातं. बोटाला बहुतेक वेळा ओरखड्यापलीकडे काही होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मुलांच्या वर्गात टेबल सॉ ठेवायची असेल तर अशीच ठेवावी, पैसे नसतील तर ठेवूच नये. पण तीसुद्धा उलट उडालेली फळी अडवत नाही, धूळही गिळत नाही.

धुळीबद्दल कुणी बोलतच नाही. बोट कापलेलं दिसतं, फुफ्फुसात गेलेलं दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. खाली पडणाऱ्या ढलप्यांपेक्षा हवेत तरंगणारी बारीक पूड वाईट, आणि ती सर्वांत जास्त उडते पॉलिश पेपरने घासताना. म्हणजे ज्या कामाला आपण "हे काय, कुणीही करेल" म्हणून सहावीच्या मुलांना बसवतो, त्याच कामात. धूळ ओढणारं यंत्र, मास्क, आणि झाडूऐवजी व्हॅक्यूम. एवढं तरी हवंच. तेलाच्या चिंध्यांचंही तसंच. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर तेल वाळताना होणारी उष्णता आत कोंडते आणि ती आपोआप पेटू शकते. आमच्याकडे चिंध्या पसरून वाळत घालतात, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकतात. हे काम रोज एका मुलाकडे असतं आणि त्याला त्याचा अभिमान असतो.

अपघात होता होता टळल्याचे माझ्या वर्गातले बहुतेक प्रसंग तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांतले आहेत. "सर, एवढं एकच कापतो." घंटा व्हायची असते, हात घाईत असतात, डोकं पुढच्या तासात गेलेलं असतं. म्हणून घंटेआधी पंधरा मिनिटं यंत्रांची मुख्य वीज बंद. मग झाडलोट, हत्यारं जागेवर, धार तपासणी. बोथट हत्यार जास्त घातक, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोरात सटकलेला हात आवरत नाही. निसण्यावर धार लावायला मी पहिले काही तास पूर्ण देतो. मुलं कंटाळतात. मग एके दिवशी रंध्यातून पहिली अखंड, पारदर्शक ढलपी गुंडाळत बाहेर येते, आणि त्यानंतर धारेचं महत्त्व सांगावं लागत नाही.

हे सगळं मी नव्याने शोधलेलं नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या पुढाकाराने हस्तकाम १८६६ पासून लोकशाळांत सक्तीचं झालं. स्वीडनमधल्या नेस इथे ओटो सालोमोन यांनी जगभरच्या शिक्षकांना लाकूडकामातून शिकवणं शिकवलं. त्यांच्याकडे सुरुवात साध्या चाकूने व्हायची, वस्तू घरात वापरता येईल अशी असायची, आणि मुलाच्या कामाला शिक्षकाने स्वतः हात लावायचा नाही असा दंडक होता. हा शेवटचा नियम मला आजही सर्वांत अवघड जातो. वाकडी कापणारी करवत बघून हात शिवशिवतात. पण मी ती सरळ करून दिली तर करवत माझी झाली, मुलाची नाही.

फिनलंडमध्ये हस्तकाम आजही सक्तीचं आहे, मुलामुलींना एकत्र. आपल्याकडच्या बैठकीत मात्र एकाने विचारलं, "आता लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटर आहेत, मग रंधा कशाला?" मी त्या यंत्रांच्या विरोधात नाही. लेझर कटर आमच्याकडेही यावा. पण त्यालाही शिस्त लागते. तो चालू असताना सोडून जायचं नाही, कारण आग लागते. पीव्हीसी त्यात घालायचं नाही, कारण विषारी वायू सुटतो. स्क्रीनवर चुकलेली रेघ मागे घेता येते, लाकडात पाडलेली खाच मागे घेता येत नाही. कापण्याआधी दोनदा मोजायची सवय त्यातूनच लागते. ज्याने हातकरवत धरलेली आहे, त्याच्यासमोर यंत्र ठेवलं की तो आधी विचारतो, "हे बंद कुठून होतं?"

आणि वर्ग बंद केला म्हणून मुलं ड्रिलला हात लावायची थांबणार आहेत का? घरी ड्रिल असतं, व्हिडिओ असतात, शेजारी उभा राहणारा कुणी नसतो.

त्या मुलाच्या अंगठ्यानंतर मी वर्गात एक वही ठेवली. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद, नाव न लिहिता. पहिल्या वर्षी तीनच नोंदी झाल्या, त्यातल्या दोन माझ्या अक्षरात. गेल्या वर्षी चाळीसच्या वर झाल्या. "ड्रिलमध्ये केस जाता जाता राहिले, वेणी सुटली होती." "मित्राशी बोलत होतो, पटाशी घसरली, बोट थोडक्यात वाचलं." एकाने तर लिहिलंय, "सर स्वतः चष्मा न लावता करवतीवर गेले." खरं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी माफी मागितली.

पुढची बैठक सोमवारी आहे. यावेळी मी ती वही घेऊन जाणार आहे. तिच्यासोबत माझ्या मागण्या लिहिलेला एक कागद असेल: एका वेळी सोळाच्या वर मुलं नकोत, धूळ ओढणारं यंत्र हवं, आणि यंत्र चालू असताना दुसरा एक मोठा माणूस वर्गात हवा. हे देणार असाल तर वर्ग चालू ठेवा. देणार नसाल तर टेबल सॉ खुशाल उचलून न्या, पण बाक, रंधे आणि पटाश्या तिथेच राहू द्या. मी त्यावर शिकवीन.