मंडळी म्हणजे माणसं हे खरंच, पण कौलं कोण शाकारणार?

पोस्ट लांब आहे. आमच्या मंडळीतल्यांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी, तरी शेवटपर्यंत वाचावी, बाकीच्यांनी सवडीनं.

आमच्या चर्चची जुनी इमारत पाडून तिथं स्लॅबचा हॉल बांधायचा, रस्त्याच्या अंगाला गाळे काढून ते भाड्यानं द्यायचे, असा विचार सध्या चाललाय. सभासदांच्या सभेत तो मांडला गेला तेव्हा जो तो एकच वाक्य बोलत होता, "मंडळी म्हणजे माणसं, इमारत नव्हे." वाक्य खरं आहे. पहिल्या शतकातले ख्रिस्ती एकमेकांच्या घरात जमायचे, त्यांना ना कौलं होती ना घंटा, हे मलाही ठाऊक आहे. पण हल्ली हे वाक्य मी जास्त करून मे महिन्यात ऐकते, जेव्हा कौलं शाकारायला चार माणसं हवी असतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं, कारण खानापूर तालुक्यात बॅप्टिस्ट म्हटलं की लोक थबकतात. बेळगावकरांना मेथडिस्ट माहीत असतात. लंडन मिशनची माणसं बेळगावात १८२० मध्ये आली, पुढं त्यांचं काम मेथडिस्टांकडं गेलं, आणि बेनन स्मिथ शाळेमुळं ते नाव घरोघरी पोचलं. कॅथलिक तर गोव्याच्या शेजारामुळं सगळ्यांच्याच ओळखीचे. आम्हाला मात्र विचारतात, "हे कुठलं नवीन काढलंय?" नवीन काही नाही. ज्या विल्यम कॅरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापून काढला, ते बॅप्टिस्टच होते. बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांचा छापखाना होता (नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे). मूळचे इंग्लंडातले बूट शिवणारे. १८०० च्या डिसेंबरात हुगळी नदीत त्यांनी ज्या पहिल्या बंगाली माणसाला बाप्तिस्मा दिला, तो कृष्ण पाल सुतारकाम करायचा. मला ही गोष्ट फार आवडते. एक बूट शिवणारा आणि एक सुतार. हातानं काम करणाऱ्यांपासून आमची सुरुवात झालीय.

आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात माणसानं स्वतः उभं राहून साक्ष द्यायची, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. आमच्या व्यासपीठाच्या फळ्यांखाली त्यासाठी हौद आहे. त्याला तडा गेल्यापासून पाणी टिकत नाही, म्हणून आता आम्ही मलप्रभेवर जातो. पावसाळ्यात पाण्याला ओढ असते आणि उन्हाळ्यात पुरेसं पाणी नसतं, त्यामुळं दिवाळीनंतरचा काळ बघून तारीख धरावी लागते.

आणि दुसरी गोष्ट, जी या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. आमच्या डोक्यावर बिशप नाही. आमच्या मंडळीचा कारभार मंडळीच बघते. पाळक (पास्टर) कोण, खर्च कशावर, दरवाजाला रंग कुठला, सगळं सभासदांच्या सभेत ठरतं. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला एक मत. बँकेतल्या साहेबांना एक आणि चर्च झाडणाऱ्या मावशींना एक. ही मोठी गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की छप्पर गळलं तर अर्ज कुणाकडं करायचा हा प्रश्नच उरत नाही. वर कुणी नाही. जे आहोत ते आम्हीच.

आमची मंडळी उभी राहिली ती रेल्वेमुळं. लोंढ्याच्या बाजूला गँगमन, खलाशी म्हणून आलेली तेलुगू कुटुंबं रविवारी एकमेकांच्या क्वार्टरमध्ये जमायची, मग इथली मराठी आणि कन्नड घरं त्यात आली. त्या तेलुगू आज्ज्यांकडून आम्ही लहानपणी आंध्रातल्या ओंगोलची गोष्ट ऐकलीय. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, कालव्याच्या खोदकामावर पोटासाठी आलेली माणसं, आणि ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा. आकडा सांगताना आज्जीचा आवाज चढायचा. आज आमच्या पटावर त्याच्या पासंगालाही पुरतील इतकी नावं नाहीत, आणि त्यातलीही तरुण पोरं बंगळूर, पुणे नाहीतर गोव्यात.

तरी रविवारी सकाळी या. घंटा वाजायच्या आधी मावशी बाकं पुसत असतात. पेटीवर जो बसतो त्याचं गॅरेज आहे, हात धुऊनही नखांत ग्रीस राहिलेलं असतं. गाण्याचं एक कडवं मराठीत, पुढचं कन्नडात. उपदेश मराठीत झाला तर वचन कन्नडातून वाचायचं, पुढच्या रविवारी उलट. १९५६ पासून ज्या दोन भाषांवरून या भागात किती सभा, किती मोर्चे झाले, त्या आमच्याकडं एका बाकावर बसतात, आणि एकाच पुस्तकात दोघी डोकं घालतात. यासाठी कुणी ठराव केला नव्हता. जागा लहान, पुस्तकं कमी, तशी सवय पडत गेली.

आता इमारतीबद्दल. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मूळ गिलावा चुन्याचा, वर मंगळुरी कौलं. मंगळूरजवळ जेप्पूला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना घातला, तिथून ही खाचांची कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. आपल्या खानापूरची मातीही कौला-विटांना चांगली, इथल्या भट्ट्या लोकांना माहीतच आहेत. आमच्या कौलांवर पाठीमागं ठसा आहे, तो कारखाना केव्हाच बंद पडला. मी एक कौल हातात घेऊन नीट बघितलं. वरच्या अंगाला शेवाळाचा काळा थर, पण उलटं केलं की आतली माती अजून तांबडी लाल, आणि कडेला ज्या माणसानं ते ओलं असताना साच्यातून उचललं त्याच्या बोटाचा दाब तसाच. बोटानं टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. तडा गेलेलं कौल बद्द वाजतं, लगेच कळतं. आमच्याकडची बहुतेक कौलं अजून खणखणीत आहेत.

मग गळतं कुठं? गळतं ते रिपांमुळं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमुळं. वाळवीनं रीप खाल्ली की ती खाली वाकते, कौलाची खाच सुटते, आणि ओळीतलं एक सरकलं की वरची सगळी हळूहळू सरकतात. त्यात माकडं. जांबोटी, कणकुंबीकडून पाऊस कसा येतो ते या बाजूच्या माणसाला सांगायला नको. सरळ पडतच नाही, वाऱ्याबरोबर आडवा मारतो आणि त्या फटीतून आत घुसतो. जुलैत आमच्या डाव्या बाजूची बाकं भिंतीपासून ओढून घ्यावी लागतात, खाली बादल्या, आणि प्रभुभोजनाचं मेज वर्षानुवर्षं जिथं होतं तिथून चार हात उजवीकडं गेलंय. नवीन कौलं आणून बसवा म्हणणाऱ्यांना सांगते, बसत नाहीत. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाच बोटभर इकडंतिकडं झाली की कौल कौलात अडकत नाही. त्याच ठशाची जुनी कौलं शोधावी लागतात.

भिंतीचं दुखणं वेगळं. काही वर्षांपूर्वी ओल दिसते म्हणून खालच्या निम्म्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला गेला. त्या वेळी सगळ्यांनाच ते पक्कं काम वाटलं. पण चिरा पाणी पितो. चुन्याचा गिलावा असला तर उन्हाळ्यात ते पाणी भिंतीतून बाहेर निघून जातं. सिमेंटनं तोंड बंद केलं की ते आतच राहतं आणि वर वर चढतं. आता सिमेंट जिथं संपतं त्याच्या वर लोणा धरलाय, पांढरी पूड हाताला लागते. खाली थाप मारली तर गिलावा पोकळ वाजतो. हे पाडण्याचं कारण म्हणून सभेत दाखवलं गेलं. माझ्या मते ते सिमेंट खरवडून काढण्याचं कारण आहे. सिमेंट उतरवायचं, एक-दोन उन्हाळे भिंतीला वाळू द्यायचं, मग विझवलेल्या चुन्याचा गिलावा. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता कमी आहेत, पण संपलेले नाहीत.

"स्लॅब टाकला की कटकट मिटली," असं एक भाऊ म्हणाले. भावांनो, खानापुरातून जरा वर बघत चाला. ज्यांनी हौसेनं स्लॅबची घरं बांधली त्यांनीच दहा-पंधरा वर्षांत वर लोखंडी खांब उभे करून पत्रे घातलेत. का? स्लॅब गळतो म्हणून. आणि चर्चवर नुसते पत्रे घालायचं म्हणाल तर आषाढात उपदेशाचा एक शब्द कानावर पडणार नाही. कौलांवर पाऊस वाजतो, पण माणसाचा आवाज त्याखाली ऐकू येतो.

तरुणांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. संडास धड नाही, हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे; लांबून आलेल्या बायकांची फार पंचाईत होते. दारात तीन पायऱ्या आहेत, गुडघे गेलेल्या आज्ज्यांना दोघांनी धरून चढवावं लागतं. उतरण हवीच, संडास हवाच, वायरिंग तर उद्याच बदलायला हवं. यातल्या कुठल्या गोष्टीसाठी कौलं उतरवावी लागतात? मागच्या मोकळ्या जागेत संडास होतो, बाजूच्या दारातून उतरण होते. गाळ्यांचं भाडं येईल म्हणता, येईलही. पण मग दर महिन्याला भाडं वसूल करणं, भाडेकरूशी भांडणं, कोर्टकचेऱ्या हेच मंडळीचं काम होऊन बसेल. आणि ज्या मंडळीला भाडं मिळतं तिथं अर्पणाची थैली हळूहळू हलकी होते. माणसं वाईट असतात म्हणून नाही. आपली गरज उरली नाही असं त्यांना वाटायला लागतं म्हणून.

पैशाचं बोलायचं तर उघडच बोलते. गावात काहींचा समज असतो की आम्हाला परदेशातून पैसा येतो. आमच्या थैलीत दहा-वीसच्या नोटा निघतात, पेन्शन झालेल्याच्या हातची पाचशेची एखादी, आणि मुलांची नाणी. परदेशी देणगी घ्यायला सरकारी परवाना लागतो. तो आमच्याकडं नाही, आणि तो काढावा असं कधी कुणी सुचवलेलंही नाही. आमची मोठी जमा म्हणजे कापणीचा सण. भाताची मळणी झाली की पहिल्या फळाचं अर्पण घेऊन लोक येतात. इंद्रायणीची पोती, भोपळा, नारळ, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर अंगणात लिलाव. साधं लिंबू आम्ही दोनशेला गेलेलं बघितलंय, आणि ज्यानं घेतलं त्यानं ते तिथंच परत अर्पण केलं, पुन्हा बोली सुरू. एका वर्षी एका तेलुगू आज्जीनं केलेलं लोणचं असंच फिरत राहिलं, शेवटी कुणी घरी नेलं ते आठवत नाही, पण त्या बरणीवर अर्ध्या छपराच्या रिपा आल्या.

मला म्हणायचंय ते हेच. त्या रिपा बसवायला माणसं वर चढली होती. खाली बायकांनी साखळी धरली होती, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात कौल जात होतं. ज्या दोन घरांचं जमिनीवरून बोलणं बंद होतं, त्यांच्या सुना साखळीत शेजारी उभ्या होत्या. कौल तीन किलोच्या आसपास भरतं; समोरची बघते आहे की नाही याची खात्री केल्याशिवाय ते सोडता येत नाही. त्या बोलल्या. "धर गं," "धरलं, सोड," एवढंच आधी. दुपारी भात-आमटीला एकाच पंगतीत बसल्या. हे प्रार्थनासभेत कितीतरी वेळा मागितलं गेलं होतं. कंत्राटदाराकडून हॉल बांधून घेतला तर चावी हातात मिळेल, पण हे मिळणार नाही. बिशप नसलेल्या मंडळीला एकत्र ठेवणारं दुसरं काही नसतं. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांनी मिळून सांभाळणं, एवढंच असतं. म्हणून "माणसं महत्त्वाची" म्हणणाऱ्यांना मी म्हणते, माणसं महत्त्वाची आहेत म्हणूनच शिडी लावा.

पुढच्या सभेत मी तीन ठराव मांडणार आहे, ते इथंच सांगून ठेवते म्हणजे कुणाला ऐनवेळी वाटायला नको. पाडण्याचा विषय पाच वर्षं बाजूला ठेवायचा. यंदाच्या कापणीच्या लिलावाचा सगळा पैसा रिपा, वायरिंग आणि संडासाला. आणि दर वर्षी मृगाच्या आधीचे दोन शनिवार शाकारणीचे, पुण्या-बंगळूरच्या पोरांनी त्या हिशोबानं सुट्टी काढायची; नाताळला येता तसे या. माझ्या विरोधात मत द्यायचं असेल तर जरूर द्या, पण सभेला या. संख्या पुरी नसेल तर सभाच होत नाही.

आणि जे मंडळीतले नाहीत पण इथपर्यंत वाचत आलेत, त्यांना विनंती. बेळगाव, खानापूर, नंदगड, लोंढा या भागात तुमचं किंवा ओळखीच्या कुणाचं जुनं कौलारू घर उतरवणार असाल तर कौलं खड्ड्यात भरायला देऊ नका. एक कौल उलटं करून ठशाचा फोटो खाली टाका. आमच्याशी जुळलं तर आम्ही टेम्पो घेऊन येऊ, उतरवायलाही माणसं आणू, आणि रास्त भाव देऊ. कोनाची (छपराच्या माथ्यावरची) कौलं असतील तर ती आधी सांगा, त्यांचीच सगळ्यात जास्त कमी आहे.